घरातला एक मागं

मी ज्या माणसाचा सर्वात जास्त ऋणी आहे, ती माझी थोरली बहीण. तिला मी बाय म्हणतो. ती मला अजून बारक्या म्हणते. मी अठ्ठावीस वर्षांचा आहे आणि अंबरनाथच्या एका कारखान्यात डिस्पॅचच्या टेबलावर बसतो. मी पदवीधर आहे, आमच्या कातकरी पाड्यावरचा पहिला. काळा झगा घातलेला माझा फोटो आईच्या घरात लावलेला आहे. त्या फोटोत माझ्या शेजारी बाय नाही, कारण त्या दिवशी ती बदलापूरच्या पलीकडे, उल्हास नदीच्या काठावर एका वीटभट्टीवर चिखल तुडवत होती. आज मी हे लिहितो आहे तेव्हाही ती तिथेच आहे.

हे छापायला मी आत्ता देणार नाही. पुढे जे व्हायचं ते होऊन गेल्यावरच देईन. त्यातही कोणाचं नाव घालणार नाही. नावामुळे आमच्या लोकांचं किती नुकसान होतं, ते मी पाहिलेलं आहे.

आमचा पाडा बारवी धरणाच्या बाजूला. आजी आजारी पडली त्या पावसाळ्यात वडिलांनी भट्टीच्या शेठकडून बयाणा उचलला. दिवाळीनंतर आम्ही सगळे विटा पाडायला गेलो. पाऊस आला की भट्टी बंद होते आणि माणसं पाड्यावर परततात, असा रिवाज. आम्हाला मात्र शेठने पावसाळ्यातही सोडलं नाही, आपल्या भातशेतीवर ठेवून घेतलं. दुसऱ्या वर्षीही तसंच. हिशोब शेठच्या वहीत होता आणि ती वही आमच्यापैकी कोणालाच वाचता येत नव्हती. पैशाबद्दल एवढंच पुरे.

कॉलेजात एका सरांनी मला प्रेमानेच विचारलं होतं, "अरे, तिथे कुंपण नव्हतं, कुलूप नव्हतं, मग तुम्ही निघून का आला नाहीत?" त्याचं नीट उत्तर आता देतो. भट्टीवर कुंपण नव्हतं, एक नियम होता. आठवड्याच्या बाजाराला कुळगावला जायची मुभा असायची, पण घरातला एक मागं राहिला पाहिजे. कोण राहणार ते मुकादम ठरवायचा. तो झोपड्यांच्या रांगेपुढे बाजेवर बसायचा आणि बोटाने दाखवायचा. बहुतेक वेळा तो घरातलं सर्वात लहान, पण चालतं-बोलतं मूल निवडायचा. माणूस सगळं सोडून पळू शकतो, पोर सोडून पळत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मी आठ वर्षांचा होतो आणि बाय तेरा. माझ्या पाठची एक तान्ही बहीण, आईच्या कडेवर. वडिलांनी बेत केला तो असा. बाजाराच्या दिवशी मुकादमाला कसंही पटवून माझ्याऐवजी बायला मागं ठेवायचं. ती मोठी आहे, भांडी घासायला नदीवर गेली तर कोणी बघत नाही. दुपारी बायका अंघोळीला उतरल्या की खालच्या अंगाला, जिथे पाणी गुडघ्याएवढं आहे, तिथून तिने पलीकडे यायचं. आम्ही पलीकडे हेंद्रेपाड्याच्या मागे झुडपात थांबायचं. आता तिथे सात-सात मजली इमारती आहेत. तेव्हा बाभळी होत्या.

पळून जायचं म्हणजे जंगलाकडे, आपल्या माणसांत, हेच आमच्या कोणाच्याही मनात आधी येतं. शेठच्याही मनात तेच आलं असतं. बारवीकडचा प्रत्येक पाडा मुकादमाला पाठ होता, कारण तिथूनच तो माणसं आणायचा. कोणाची सोयरीक कुठे, कोणाची आत्या कुठल्या पाड्यावर, हे त्याला आमच्याइतकंच माहीत. म्हणून वडिलांनी ठरवलं की शहराकडे जायचं. अंबरनाथला पाइपलाइनच्या कडेच्या वस्तीत आईची लांबची मावशी राहत होती. तिचा पत्ता मुकादमाला नव्हता.

त्या सकाळी वडिलांनी विटांचा लाकडी साचा काखेत मारला. त्याची एक पट्टी उखडली होती. साचा घेऊन निघालेल्या माणसाला कोणी अडवत नसे, तो सुताराकडेच चालला असणार. आईने दोन लुगडी एकावर एक नेसली. मला ताप होता. आम्ही बाजेपुढे उभे राहिलो आणि मुकादमाने माझ्याकडे बोट केलं.

"आज हा बारका राहू दे."

आईचा चेहरा मला आठवत नाही. बायचा आवाज आठवतो.

"ठेवा ना. याला गोवर आलाय. हात लावून बघा, अंग कसलं भाजतंय. सगळ्या पोरांना धरंल, मग तुमचा चिखल कोण तुडवील? तुमची बायको?"

रांगेतले लोक हसले. मुकादमही हसला, पण त्याने हात मागे घेतला.

"लय तोंड चालतं गं तुझं."

"तोंडच चालतंय मुकादम. पाय तर तुमच्याच चिखलात हायत."

"मग तूच राहा. आणि भट्टीच्या बाजूच्या विटा उलटून ठेव."

जाताना ती आईच्या कडेवरच्या बाळाचं नाक पुसायला म्हणून जवळ आली आणि हळूच म्हणाली, "आय, पदर नीट घे. आतलं लुगडं दिसतंय." मला तिने काहीच म्हटलं नाही. मला बेत माहीतच नव्हता.

बाभळीत आम्ही दुपारपासून थांबलो. वडील नदीकडे तोंड करून उकिडवे बसले होते. बाळ रडलं की आई त्याच्या तोंडात पदराचं टोक कोंबायची. सावल्या लांब झाल्या तरी बाय आली नाही. वडील एकदा पाण्यापर्यंत जाऊन आले. मग म्हणाले, "चला." आई म्हणाली, "पोरगी?" वडील म्हणाले, "आता थांबलो तर चौघंबी सापडू. एकटी असंल तर तिला मारणार नायत, कामाची हाय." हे वाक्य मी कितीतरी वर्षं मनात घोळवलं आहे. ते खरं होतं, आणि बापाच्या तोंडी ते आलं.

स्टेशनवर शेठचा माणूस चहाच्या टपरीवर बसायचा. रिक्षावाले शेठच्या ओळखीचे. म्हणून आम्ही पाणी नेणाऱ्या मोठ्या पाइपलाइनच्या कडेने चालत अंबरनाथ गाठलं. मागून मोटरसायकलचा आवाज आला की पाइपाखाली शिरायचं. तीन वेळा शिरलो. तिन्ही वेळा ती दुसऱ्याच कोणाची गाडी होती.

मावशीने आम्हाला घरात घेतलं. तिच्याकडे उल्हासनगरहून जीन्सच्या पँटींचे गठ्ठे यायचे, शिलाईचे लोंबणारे धागे कापायला. दुसऱ्याच दिवशी तिने आईच्या हातात कात्री दिली. वडील मात्र दारात साचा घेऊन बसून राहिले.

आता जे सांगतो त्यावर शहरातले मित्र विश्वास ठेवत नाहीत. तिसऱ्या दिवशी वडील साचा परत करायला निघाले.

मावशी ओरडली, "येडा झालास? त्यांच्या भट्टीत दोन वर्षं जाळलीस, आन् लाकडाची फळी परत देतोस?"

वडील म्हणाले, "माझा नाय तो. उद्या पोरीला मागायला गेलो तर म्हणतील, कातकरी साचा चोरून पळाला. पोलिसात देतील. मंग मी काय बोलू?"

याला येडेपणा म्हणणं सोपं आहे. वडिलांच्या तरुणपणी कोणाच्या तरी शेतातलं पाण्याचं इंजिन चोरीला गेलं, तेव्हा पाड्यावरच्या सगळ्या पुरुषांना रांगेत उभं करून मारलं होतं. इंजिन पुढे दुसरीकडेच सापडलं. आमच्या माणसाला मार खायची भीती कमी आणि चोर म्हणवून घ्यायची जास्त असते. दुसऱ्याची वस्तू घरात राहिली की त्याला झोप लागत नाही. वडिलांनी साचा कुळगावच्या सुताराकडे नेला. पट्टी ठोकून घेतली, बिघडलेली वस्तू परत कशी करायची म्हणून. सुताराला सांगितलं, शेठचा माणूस येईल त्याला दे. सुताराने सहज विचारलं, "हल्ली कुठं असतोस?" वडिलांना खोटं सुचलं नाही. म्हणाले, "अंबरनाथला, पाइपलाइनच्या कडंला."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघेजण मोटरसायकलवर आले. आई, बाळ आणि मी तेव्हा मावशीबरोबर उल्हासनगरला धागे कापलेल्या पँटी द्यायला गेलो होतो. त्यामुळे वाचलो. वस्तीतल्या एका बाईने धावत येऊन वाटेतच गाठलं, म्हणून पुढचं कळलं. वडिलांना त्यांनी भर वस्तीत मारलं. लोक बघत होते. मारून झाल्यावर एकजण म्हणाला, "पोरगी पाहिजे ना? मग ये. ती तिथंच आहे, वाट बघतेय." वडील स्वतः उठून मोटरसायकलवर बसले. बायको-पोरं कुठे आहेत, असं त्या दोघांनी तीनदा विचारलं. तेव्हा वडिलांना खोटं सुचलं. म्हणाले, "कर्जतच्या गाडीत बसवून दिली. कुठं उतरतील मला नाय ठाऊक."

वडील आणखी तीन हंगाम जगले. चौथ्या हंगामात त्यांचं प्रेत विटांच्या टेम्पोतून पाड्यावर आणून ठेवलं. माती द्यायला बायला सोडलं नाही. आई गेली नाही, कारण पाड्यावर मुकादम येऊन बसला होता. मी तोवर लांबच्या एका आश्रमशाळेत होतो. तिथल्या अधीक्षकांनी मला सकाळच्या प्रार्थनेनंतर बाजूला घेऊन सांगितलं आणि त्या दिवशी वर्गात बसायची सक्ती केली नाही. मी वर्गात बसलो.

बायला मी पुन्हा पाहिलं तेव्हा दहावीत होतो. कुळगावच्या बाजारात ती सुकट निवडत होती. मी समोर उभा राहिलो तरी तिने आधी ओळखलं नाही. मग माझ्या कानाला हात लावून बघितलं, लहानपणी तिथे मला कोळशाने भाजलं होतं.

"बारक्या! मिशी फुटली की रं तुला."

मला रडू आलं. ती म्हणाली, "गप. रडलास तर लोक बघतील. सुकट घे, निवडल्यासारखं कर."

सुकट निवडत निवडत मी तिला विचारलं, त्या दिवशी नदीवर का आली नाहीस?

"आलते की. भांडी घेऊन पाण्यात उतरले पन. पल्याड बघते तर मुकादमाची गाडी उभी. तो लांब होता, तुमी दिसला नव्हता त्याला. मी आले असते तर माझ्या मागनं सरळ तुमच्यावर आला असता. मंग काय, बसले आन् पातेलं घासलं. लय घासलं. तसं चकचकीत कदी झालं नव्हतं."

"मग?"

"मंग त्याला बोलले, बारक्याला फिटं आली, कल्यानच्या दवाखान्यात नेला. एक दिस गेला त्याचा कल्यानला."

तो एक दिवस आम्हाला तिने दिला. माझी शाळा, माझं कॉलेज, महिनाअखेरी माझ्या खात्यात जमा होणारा पगार, हे सगळं त्या एका दिवसाच्या पुढचं आहे. त्या बाजारातही तिला घाई होती. मागं कोण ठेवलंय, असं मी विचारलं नाही. तेव्हा वडील नव्हते. तिचं लग्न भट्टीवरच्याच एका मुलाशी लावून दिलं होतं, तोही तसाच अडकलेला. मागं नवरा होता.

पदवी मिळाल्यावर मला वाटलं, आता मी हे सोडवीन. वेठबिगारी कायद्याने बंद आहे, हे मी वाचलं होतं. मी तहसील कचेरीत अर्ज केला, स्वच्छ अक्षरात, दोन प्रतींत. भट्टी कुठे, बहीण कुठल्या झोपडीत, तिची दोन मुलं किती वयाची, सगळं लिहिलं. पोच घेतली. तिथले साहेब भले निघाले. त्यांनी पाहणीचा दिवस ठरवला. मी इतका आनंदात होतो की बाहेरच्या खोलीतल्या कारकुनालाही सांगितलं, अमुक वारी जाणार आहोत म्हणून. शिकलेल्या माणसाला वाटतं, कागदावर शिक्का बसला की काम झालं.

आम्ही पोचलो तेव्हा भट्टी झाडून काढलेली होती. शेठने खुर्च्या मांडल्या होत्या. बायला पुढे बोलावलं. साहेबांनी चांगल्या शब्दांत विचारलं, "ताई, इथे तुम्हाला कोणी अडवून ठेवलंय का? घाबरू नका."

बाय माझ्याकडे न बघता म्हणाली, "नाय सायब. मी खुशीनं हाय."

साहेबांनी दोनदा विचारलं. दोनदा तिने तेच सांगितलं. अंगठा घेतला. खरं म्हणजे तिला सही करता येते. आम्ही निघून आल्यावर भट्टीवरच्या मुलांसाठी झोपडीत भरणाऱ्या शाळेत ती एक हंगाम बसली होती आणि सावकाश का होईना, वाचतेही. पण तिने अंगठाच पुढे केला.

निघताना मी तिला झोपड्यांच्या मागे गाठलं आणि जे बोलू नये ते बोललो. म्हणालो, "तुला गुलामीच गोड लागते. बापाने तुझ्यापायी जीव घालवला, मी रात्रंदिवस कागद रंगवले आणि तू सगळ्यांसमोर माझं तोंड काळं केलंस." ती ऐकून घेत होती आणि माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत होती. मला वाटलं, तिला लाजही नाही.

महिन्याभराने मला कळलं की ती रस्त्याकडे का बघत होती. भट्टीवर सुकी मासळी विकायला जाणारी एक बाई आमच्या वस्तीत येते. तिने सांगितलं. त्या सकाळी मुकादम बायच्या दोन्ही मुलांना बिस्किटं आणायला म्हणून मोटरसायकलवर बसवून घेऊन गेला होता. जाताना म्हणाला होता, "सायब गेले की आणतो." मुलं संध्याकाळी परत आली, हातात बिस्किटांचे पुडे घेऊन.

भट्टीवर बायला काय बोललो होतो ते मी त्या बाईला सांगितलं. ती म्हणाली, "तुला कोण बोलत नाय रं. तुला काय ठाव." पण मला ठाऊक असायला हवं होतं. त्या रांगेत मी स्वतः उभा राहिलेला आहे.

त्यानंतर मी दोन वर्षं गप्प राहिलो. यंदा नवे साहेब आले. त्यांच्याकडे मी एकटा गेलो, अर्ज नेला नाही, तोंडी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "दिवस तुम्हालासुद्धा सांगणार नाही. तुमच्या बहिणीला फक्त तयार ठेवा." मी मासळीवालीबरोबर निरोप धाडला: बाय, पुन्हा प्रयत्न करतो आहे, बाहेर पडायची तयारी ठेव. आठ दिवसांनी उलटा निरोप आला. त्यात तिने एकच गोष्ट विचारली होती.

"बारक्याला विचार, दोघांतलं कुठलं मागं ठेवू?"

चार दिवस कारखान्यात मी चलनं उलटसुलट लावली. साहेबांकडे पुन्हा गेलो आणि हा प्रश्न त्यांना जसाच्या तसा सांगितला. मग त्यांनी आधीचा बेत बदलला. तिने बाहेर यायचं नाही, त्यांनी आत जायचं. एकजण साध्या कपड्यात आधी रस्त्यावर उभा राहील, मुलं कुठे नेली जाताहेत का ते बघायला.

तरीही काही चुकू शकतं. मला आता कशाचीच खात्री देता येत नाही. म्हणून मी बायला पत्र लिहिलं. तिला वाचताना दमायला होऊ नये म्हणून मोठ्या अक्षरात, छोटी वाक्यं करून लिहिलं. मासळीवालीने ते सुकटीच्या पुडीत आतल्या बाजूने गुंडाळून नेलं. पत्र असं:

बाय,

मी बारक्या. हे वाचून चुलीत घाल.

तू विचारलंस, कुठलं मागं ठेवू. कोणालाच ठेवू नको. तू कुठे जाऊ नको. नदीवर पण नको. साहेब तिथेच येतील. दिवस मला पण माहीत नाही. विचारू नको, कोणाला सांगू नको. दाजींना पण आत्ता नको.

रोज सकाळी दोन्ही पोरं तुझ्याजवळ ठेव. चिखलात काम असलं तर चिखलात घे. मुकादम बोलला, चला बिस्किटं आणू, तर बोल पोटात दुखतंय दोघांच्या. तुला सुचेल ते बोल. तुला माझ्यापेक्षा चांगलं सुचतं.

साहेब तुला विचारतील, खुशीने आहेस का. लगेच बोलू नको. आधी पोरं कुठे आहेत ते बघ. मी तिथे असलो तरी माझ्याकडे बघू नको, पोरांकडे बघ.

दोघं तुझ्याजवळ असली तर खरं सांग. बापाचं पण सांग. अंगठा देऊ नको, सही कर.

एक जरी जवळ नसलं तर मागच्या वेळी बोललीस तेच बोल. मी रागावणार नाही. मागच्या वेळी मी बोललो ते माझं चुकलं. मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असायला पाहिजे होतं.

तू तेच बोललीस तरी मी परत येईन. त्याच्या पुढच्या वेळी पण येईन.

तुझा
बारक्या